बालकाची प्रार्थना : मराठी ख्रिस्ती परंपरेतील एका भाषिक प्रश्नाचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

लूककृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायाचा आरंभ एका विनंतीने होतो. येशू एके ठिकाणी प्रार्थना करीत होता. ती संपल्यावर एका शिष्याने त्याला विनविले की, योहानाने आपल्या शिष्यांना प्रार्थना करावयास शिकविले, तसे आपणही आम्हांला शिकवावे. ही विनंती करणारी माणसे प्रौढ होती. ज्या यहुदी समाजात ती वाढली होती त्या समाजाला प्रार्थनेची वाण नव्हती. स्तोत्रे त्यांच्या कानांवर लहानपणापासून पडत आली होती, सभास्थानातील उपासना त्यांच्या अंगवळणी होती. तरीही प्रार्थना ही शिकण्याची गोष्ट आहे असे त्यांना वाटले. ख्रिस्ती धर्मात लहान मुलांना प्रार्थना शिकविण्याची जी दीर्घ परंपरा आहे, तिचे मूळ या विनंतीत आहे.

त्या विनंतीला मिळालेले उत्तर दुहेरी आहे. प्रथम येशू एक छोटी प्रार्थना देतो. हीच पुढे 'प्रभूची प्रार्थना' म्हणून ओळखली गेली आणि मत्तयाच्या सहाव्या अध्यायात ती थोड्या विस्ताराने आढळते. त्यानंतर लगेच तो मध्यरात्री भाकरी मागण्यासाठी दार ठोठावणाऱ्या मित्राचा दृष्टान्त सांगतो, आणि मासा मागणाऱ्या मुलाला कोणता बाप साप देईल, असे विचारतो. प्रार्थना शिकविणे याचे दोन अर्थ येथे एकत्र आले आहेत. शिकणाऱ्याला शब्द द्यायचे हा एक, आणि ज्याच्याशी बोलायचे त्याच्याशी नाते लावून द्यायचे हा दुसरा. प्रौढाच्या बाबतीत हे दोन अर्थ वेगळे करून पाहता येतात. बालकाच्या बाबतीत ते वेगळे करता येत नाहीत, कारण बालक नाते शिकते तेच मुळी शब्दांतून : हाकेतून, सर्वनामातून, आवाजाच्या पट्टीतून.

म्हणून बालकांचे प्रार्थनाशिक्षण हा धर्मशास्त्राइतकाच भाषेचाही प्रश्न ठरतो. देवाला कोणत्या नावाने हाक मारावी? प्रार्थनेचे शब्द पाठ केलेले असावेत की स्वतःचे? ते घरच्या बोलीचे असावेत की ग्रंथाच्या भाषेचे? आणि मागितलेले मिळाले नाही, तर त्याच भाषेत पुढे बोलत राहता येईल का? भारतीय भाषांत या प्रश्नांची उत्तरे निरनिराळी शोधली गेली. प्रस्तुत लेखात मराठीचा, आणि जेथे तिच्यापासून वेगळे करणे शक्य नाही तेथे कोंकणीचा, विचार केला आहे.

२. 'तू', 'पिता' आणि 'बाप'

प्रभूच्या प्रार्थनेचा पहिला शब्द संबोधनाचा आहे, आणि मराठी बालकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट तेथेच ठरते. विल्यम कॅरी यांनी श्रीरामपूर येथून १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले आणि १८११ मध्ये संपूर्ण नवा करार प्रसिद्ध केला. पुढे एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत बायबलची मराठी भाषांतरे पुनःपुन्हा तपासली गेली, शब्द बदलले. मराठी उपासनेत जी प्रार्थना रूढ झाली, तीत संबोधन 'पित्या' असे आहे आणि सर्वनाम 'तू' आहे.

या दोन शब्दांत एक ताण आहे. 'पिता' हा संस्कृत, ग्रांथिक शब्द आहे. मराठी मूल आपल्या वडिलांना 'पित्या' अशी हाक कधीच मारीत नाही. 'तू' हे सर्वनाम मात्र अत्यंत घरगुती आहे. मागील पिढ्यांत पुष्कळ मध्यमवर्गीय मराठी घरांत मूल आईला 'तू' म्हणे, पण वडिलांना 'तुम्ही' म्हणे. आई 'अगं' होती, वडील 'अहो' होते. ग्रामीण घरांत बापालाही 'तू' म्हणण्याची चाल होती, आणि आज शहरी घरांतही 'ए बाबा' सर्रास ऐकू येते. परंतु ज्या काळात ही प्रार्थना मराठीत रुजली, त्या काळातील अनेक मुलांच्या बाबतीत असे घडले असले पाहिजे की, घरच्या बापाला जे सर्वनाम लावण्याची मुभा नव्हती ते स्वर्गातील बापाला लावण्यास त्यांना शिकविले गेले. हाक दुरून येत होती, पण तिच्या मागून येणारे सर्वनाम आईच्या कुशीतले होते.

हे 'तू' मिशनऱ्यांनी घडविलेले नाही. इंग्रजी प्रार्थनेतील एकवचनी सर्वनाम एकोणिसाव्या शतकापर्यंत बोलण्यातून नाहीसे झाले होते आणि केवळ धर्मग्रंथाचे, म्हणून आदराचे व काहीसे दूरस्थ, बनले होते. मराठीतील 'तू' जिवंत होते आणि संतांनी ते देवासाठी केव्हाच पवित्र करून ठेवले होते. विठ्ठलाला माउली म्हणणारी, त्याच्याशी भांडणारी, रुसणारी वारकरी वाणी ख्रिस्ती मराठी भाषेच्या आधी कित्येक शतके या भूमीत नांदत होती. ख्रिस्ती प्रार्थनेला हे सर्वनाम आयते मिळाले, आणि त्याबरोबर त्यातील सलगीही मिळाली. कोंकणीत तर संबोधनाचा शब्दही घरचाच राहिला. तेथे हाक 'बापा' अशीच आहे.

येथे मूळ शब्दाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. येशू ज्या अरमाइक भाषेत बोलत असे तीत पित्याला 'अब्बा' म्हणत. जर्मन अभ्यासक योआखिम येरेमियास यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात या शब्दातील जवळीक ठळकपणे मांडली. त्यातून पुढे 'अब्बा' म्हणजे लहान मुलाचा बोबडा शब्द, अशी एक लोकप्रिय समजूत पसरली. जेम्स बार यांनी १९८८ साली तिचा साधार प्रतिवाद केला. प्रौढ मुलगाही वृद्ध पित्याला 'अब्बा' म्हणू शके आणि त्या हाकेत जवळीक व आदर दोन्ही असत, हे त्यांनी दाखवून दिले. मराठी शिक्षकाला या वादातून एक व्यवहारी बोध घेता येतो. देवाशी बोलताना बालकाला बोबडे बोल शिकविण्याचे कारण नाही, आणि त्याला अवघड संस्कृत समासही देण्याचे कारण नाही. जी हाक मूल वयाने वाढल्यावरही लाज न वाटता मारू शकेल, ती त्याला द्यावी. 'तू' हे सर्वनाम या कसोटीला उतरते. 'बापा' हे संबोधनही उतरते.

३. घंटा, पाठांतर आणि प्रश्नोत्तरे

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर बालकांच्या ख्रिस्ती प्रार्थनाशिक्षणाची जी आरंभीची चित्रे आपल्याजवळ आहेत, त्यांत फ्रान्सिस झेवियर यांचे चित्र प्रसिद्ध आहे. १५४२ मध्ये गोव्यात आल्यावर ते हातात घंटा घेऊन रस्त्यांतून फिरत, मुलांना व दासदासींना गोळा करीत आणि त्यांच्याकडून प्रार्थना म्हणवून घेत. पुढे दक्षिणेकडील मोती काढणाऱ्या कोळ्यांच्या किनाऱ्यावर त्यांनी दुभाष्यांच्या साहाय्याने मुख्य प्रार्थना तमिळमध्ये करवून घेतल्या आणि त्या मुलांना पाठ करावयास लावल्या. मग ती मुलेच आजाऱ्यांच्या घरी जाऊन त्या म्हणत.

या प्रयत्नातील एक बारकावा भारतीय भाषांच्या अभ्यासकाने विसरू नये असा आहे. १५४४ मध्ये आपले सहकारी फ्रान्सिस्को मान्सिल्हास यांना लिहिताना झेवियर यांनी तमिळ विश्वासांगीकारातील एक चूक सुधारण्यास सांगितले. 'माझा विश्वास आहे' या अर्थाच्या ठिकाणी 'मला हवे आहे' या अर्थाचा शब्द पडला होता. म्हणजे काही काळ मुले विश्वास व्यक्त करण्याऐवजी इच्छा व्यक्त करीत होती, आणि त्यांना अथवा त्यांच्या शिक्षकाला त्याचा पत्ता नव्हता. केवळ पाठांतरावर विसंबलेल्या शिक्षणाचा धोका याहून नेमक्या रीतीने दाखविता येणार नाही. 'हवे' आणि 'विश्वास' यांतील अंतर हाच बालकाच्या प्रार्थनेचा मर्मभाग आहे. त्याकडे लेखाच्या शेवटी पुन्हा वळावयाचे आहे.

तरीही पाठांतराचा सरसकट उपहास करणे योग्य नाही. मार्टिन ल्यूथर यांनी १५२९ साली जी लहान प्रश्नोत्तरी लिहिली, ती घरातील कर्त्या माणसाने मुलांना व नोकरांना सोप्या रीतीने शिकवावी या हेतूने लिहिली. तीत प्रत्येक वाक्यानंतर 'याचा अर्थ काय?' असा प्रश्न येतो. शब्द आधी, अर्थ मागाहून, पण अर्थ टाळावयाचा नाही, असा तो क्रम आहे. कॅथॉलिक परंपरेतही हीच रीत होती. थॉमस स्टीफन्स हे १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट. त्यांची कोंकणी 'दौत्रिना' त्यांच्या निधनानंतर १६२२ साली रायतूर येथे छापली गेली. मार्कुश जॉर्ज यांच्या पोर्तुगीज प्रश्नोत्तरीवर ती आधारलेली आहे आणि गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने क्रूसाची खूण, प्रभूची प्रार्थना, मरियेची वंदना व विश्वासांगीकार समजावून देते.

याच स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये प्रसिद्ध केलेले 'ख्रिस्तपुराण' मात्र मराठी ओवीत आहे, आणि त्याच्या आरंभी आलेली हकीकत आपल्या विषयाला थेट भिडते. सासष्टीत धर्मशिक्षण चालू असता एक नवख्रिस्ती श्रोता म्हणतो की, हे शिक्षण चांगलेच आहे. पण आमची जुनी पुराणे गेली, त्यांच्या जागी मन रमेल असे काहीतरी आम्हांला द्या. सूत्रे पाठ झाली होती, पण अंतःकरणाला कथा हवी होती, छंद हवा होता. स्टीफन्स यांनी ही मागणी रास्त मानली आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ रचला. शिकविण्याची सूत्रे बोलीत आणि गाण्याची कथा साहित्यभाषेत, ही त्यांनी केलेली विभागणी प्रार्थनाशिक्षणाच्या दोन्ही अंगांची जाणीव दाखविते. पुढे १६८४ च्या राजाज्ञेने पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेचा वापर बंद करण्याचा प्रयत्न केला. अशा आज्ञेचा भार कचेरीपेक्षा घरातील संध्याकाळच्या प्रार्थनेवर अधिक पडतो, कारण मूल कचेरीत बोलत नाही, आईजवळ बोलते.

आधुनिक बालमानसशास्त्राने पाठांतराचे स्थान अधिक नेमके केले आहे. डायान लाँग, डेव्हिड एल्काइंड व बर्नार्ड स्पिल्का यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५ ते १२ वर्षे वयाच्या १६० मुलांच्या प्रार्थनाविषयक कल्पना तपासल्या. सर्वांत लहान मुलांची कल्पना धूसर होती आणि ती ठरावीक शब्दांशी जोडलेली होती. सुमारे सात ते नऊ या वयात प्रार्थना म्हणजे एक कृती, विशेषतः काही मागण्याची कृती, असे रूप दिसले. त्यानंतरच्या वयात ती मनातल्या संवादाकडे वळू लागली. यावरून पाठ केलेले शब्द हे घर नसून ओसरी आहे असे म्हणता येईल. ओसरीवरून आत जाता येते, परंतु मूल आयुष्यभर ओसरीवरच थांबू नये.

४. आपले शब्द आणि त्यांचे साचे

प्रोटेस्टंट मिशनांनी मराठी मुलखात आणलेली रीत वेगळी होती. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्यांच्या शाळा, त्यांचा १८४२ साली अहमदनगरहून सुरू झालेला 'ज्ञानोदय', त्यांच्या 'शब्बाथ शाळा' यांतून मराठी ख्रिस्ती मुलांची एक नवी पिढी घडली. या परंपरेत मुलाने डोळे मिटून, हात जोडून, आपल्या शब्दांत प्रार्थना करावी असा आग्रह होता. उपकारस्तुती, पापांगीकार, स्वतःसाठी मागणे, दुसऱ्यांसाठी मध्यस्थी, हा क्रम त्याला शिकविला जाई. तोंडातून निघालेला शब्द मनातूनही निघाला असला पाहिजे ही त्यामागची अपेक्षा मोलाची होती.

पण आपल्या शब्दांचेही साचे बनतात. प्रौढांच्या तोंडची उत्स्फूर्त प्रार्थना ऐकत वाढलेले मूल लवकरच तिचे वळण उचलते. भाषांतरित बायबलातील संबोधने, लांबलचक विशेषणे, 'तुझ्या चरणी येतो' या धर्तीची ठरीव क्रियापदे ते बिनचूक जुळवू लागते. ही प्रार्थना पाठ केलेली नसते, पण ती त्याची स्वतःचीही नसते. सहा वर्षांच्या मुलाने 'आमच्या अपराधांची क्षालना कर' असे म्हटले, तर शिक्षकाला समाधान वाटेल. परंतु त्या दिवशी त्याने धाकट्या बहिणीची बाहुली मोडली हे त्या वाक्यात कोठेही आलेले नसते. 'मी ताईची बाहुली मोडली आणि खोटे बोललो' हे वाक्य साधे आहे, पण पापांगीकार त्यात आहे.

ग्रंथभाषा आणि मुलाची भाषा यांतील ही दरी ज्यांना तीव्रतेने जाणवली त्यांत दोन नावे अग्रभागी आहेत. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी केडगावच्या मुक्तिसदनात १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या अनाथ मुलींना आश्रय दिला. साध्या, अल्पशिक्षित स्त्रियांना कळेल असे बायबल मराठीत असावे म्हणून त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा मुलींच्या तोंडी प्रभूच्या प्रार्थनेतील रोजच्या अन्नाची मागणी कोणत्या अर्थाने येत असेल, हे सांगावयास नको. मूळ ग्रीकमध्ये त्या अन्नाला लावलेले विशेषण इतके विरळ आहे की, या प्रार्थनेबाहेर त्याचा निश्चित वापर जवळजवळ आढळत नाही. 'रोजचे', 'उद्याचे', 'जगण्यापुरते' असे त्याचे अनेक अर्थ सुचविले गेले. मराठी भाषांतरात तेथे 'भाकर' हा शब्द आला आहे. विद्वानांचा वाद चालू राहो. ज्वारीच्या मुलखातील मुलाला या एका शब्दाने प्रार्थना चुलीपर्यंत आणून दिली. मत्तयाच्या पाठातील 'ऋण' या शब्दाचेही असेच आहे. सावकाराच्या वहीची धास्ती घरात पाहिलेल्या मुलाला 'ऋण सोडणे' म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे. 'फुलांमुलांचे कवी' म्हणून मराठी वाचकाला ते परिचित आहेत. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भूमिका होती. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकाचे त्यांनी संपादन केले. तोवर मराठी ख्रिस्ती उपासनेत इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरित गीते पुष्कळ होती. मराठीच्या ऱ्हस्वदीर्घांना त्या चाली परक्या होत्या. टिळकांनी अभंग, ओवी, भजन यांना उपासनेत हक्काचे स्थान मिळवून दिले आणि ख्रिस्ताला गुरुमाउली म्हणून आळविले. 'उपासना संगीत' या मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात त्यांची गीते विपुल आहेत. त्यांच्या या कार्याचा शैक्षणिक अर्थ असा की, मुलाला त्याच्या आजूबाजूच्या सर्व मराठी मुलांच्या कानांवर पडणारा छंद परत मिळाला. प्रार्थना करण्यासाठी त्याला दुसऱ्या देशाच्या लयीत जावे लागेनासे झाले.

५. घर, संध्याकाळ आणि बोली

शाळेत व देवळात काहीही शिकविले, तरी बालकाची प्रार्थना घडते ती घरात. मराठी हिंदू घरात तिन्हीसांजेला दिवा लागला की मुले शुभंकरोती व परवचा म्हणत, ही आठवण जुन्या पिढीच्या प्रत्येक वाचकाच्या मनात असेल. गोमंतकातील कॅथॉलिक घरातही सांज हीच प्रार्थनेची वेळ आहे. देवळाची घंटा झाली की हातातले काम थांबते, वेदीपुढे कुटुंब जमते, तेर्स म्हटला जातो. शेवटी लहानांनी वडीलधाऱ्यांपुढे जाऊन 'बेसांव', म्हणजे आशीर्वाद, मागायचा अशी रीत आहे. बेसांव हा शब्द पोर्तुगीज आहे, परंतु मुलाचा हात जोडण्याचा आणि आजीने डोक्यावर हात ठेवण्याचा आविर्भाव या मातीतला आहे. देवाशी बोलणे संपवून मूल लगेच माणसाकडे वळते, आणि प्रार्थनेनंतर कोणाचा तरी स्पर्श होतो हे शिकते. प्रश्नोत्तरीच्या कोणत्याही प्रकरणात हे शिक्षण नाही.

वसईच्या कॅथॉलिक समाजात आणखी एक स्तर आहे. तेथील अनेक घरांत सामवेदी, वाडवळी या बोली बोलल्या जातात आणि प्रार्थना प्रमाण मराठीत होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषांना वाट करून दिली, तोपर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. लॅटिनच्या जागी मराठी आली हे फार मोठे स्थित्यंतर होते. त्यानंतर १९७३ साली रोमहून बालकांसह करावयाच्या मिस्साविधीसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका निघाली आणि मुलांना समजेल अशा भाषेची गरज अधिकृतपणे मान्य झाली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, तो याच दीर्घ प्रयत्नाचा एक टप्पा होय. पण प्रमाण मराठी ही बोली बोलणाऱ्या चार वर्षांच्या मुलाची मातृभाषा नव्हे. म्हणून सामूहिक प्रार्थना प्रमाण भाषेत शिकवितानाच, रात्री अंथरुणावर पडल्यावर देवाशी त्याच्या बोलीत बोलण्याची मोकळीक त्याला दिली पाहिजे. देवाला शुद्ध मराठीच कळते अशी समजूत मुलाची झाली, तर तो दोष मुलाचा नव्हे.

शब्दांइतकेच मौनही घरातच शिकता येते. इटालियन विदुषी सोफिया काव्हालेत्ती (१९१७–२०११) यांनी १९५४ पासून रोममध्ये मॉन्टेसरी पद्धतीच्या आधाराने लहान मुलांना धर्मशिक्षण दिले. प्रौढांनी दडपण आणले नाही तर लहान मुलांची प्रार्थना मुख्यतः स्तुतीची व आभाराची असते, तीत मागणे फार थोडे असते, आणि ती एकदोन शब्दांची असून तिच्या मागेपुढे पुष्कळ शांतता असते, असे त्यांना आढळले. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील बाल शमुवेलाची कथा येथे आठवते. रात्री हाक ऐकून तो तीनदा वृद्ध एलीकडे धावत जातो. एली त्याला लांब प्रार्थना शिकवीत नाही. पुन्हा हाक आली की, बोल, मी ऐकत आहे, अशा अर्थाचे एवढेच उत्तर द्यावे, असे सांगून त्याला परत निजावयास पाठवितो. बालकांच्या प्रार्थनाशिक्षकाचा याहून उत्तम आदर्श बायबलात शोधणे कठीण आहे.

६. मागितलेले मिळाले नाही तर

आता मूळ प्रश्नाचे शेवटचे अंग. आजी आजारी असते. मुलाला सांगितले जाते की, प्रार्थना कर, देव मुलांचे ऐकतो. मूल मनापासून प्रार्थना करते. आजी जाते. या क्षणी आजवरच्या सर्व प्रार्थनाशिक्षणाची परीक्षा होते. शिकविणाऱ्याने प्रार्थनेची ओळख 'हवे' या शब्दाने करून दिली असेल, तर मुलापुढे दोनच वाटा उरतात. देवाने ऐकले नाही असे मानावे, किंवा आपली प्रार्थना कमी पडली असे मानून आजीच्या मृत्यूचा दोष स्वतःकडे घ्यावा. दुसरी वाट अधिक क्रूर आहे, आणि मुले ती अधिक वेळा घेतात. सात-आठ वर्षांच्या वयात प्रार्थना म्हणजे मागण्याची कृती असते, हे वर आलेच आहे. पोप दहावे पायस यांनी १९१० च्या आज्ञापत्राने प्रथम पवित्र भोजनासाठी सुमारे सात वर्षे हेच समजेचे वय धरले. म्हणजे विधीत मुलाचा प्रवेश आणि मागण्याची ही समजूत एकाच वयात येतात.

अशा वेळी 'देवाने तिला आपल्याकडे बोलावले' हे उत्तर पुष्कळ घरांत दिले जाते. त्यामागील माया समजण्यासारखी आहे. परंतु मूल त्याचा अर्थ शब्दशः घेते आणि ज्याने आजीला नेले त्याच्याशी बोलावयास घाबरते. ख्रिस्ती परंपरेजवळ याहून खरे उत्तर आहे, आणि ते तिच्या मध्यवर्ती कथेतच आहे. 'अब्बा' हा शब्द चारही शुभवर्तमानांत एकदाच येतो : मार्काच्या चौदाव्या अध्यायात, गेथशेमाने बागेत, पकडले जाण्याच्या रात्री. तेथे येशू पित्याला त्या सर्वांत जवळच्या नावाने हाक मारतो आणि हा प्याला माझ्यापासून दूर कर असे मागतो. प्याला दूर होत नाही. जवळिकीची हाक आणि न मिळालेले मागणे एकाच वाक्यात आली आहेत, आणि मिळाले नाही म्हणून हाक खोटी ठरलेली नाही.

ही कथा मुलाला सांगता येते. येशूनेही मागितले, त्यालाही ते मिळाले नाही, तो घाबरला होता, त्याला रडू आले, तरी तो बापाशी बोलत राहिला. आजीसाठी केलेली तुझी प्रार्थना वाया गेली नाही, ती कमीही पडली नाही. आता तुला देवाचा राग आला असेल तर तेही त्यालाच सांग. एवढे बोलणे पुरे आहे. आणि येथे मराठीचे ते 'तू' पुन्हा उपयोगी पडते. 'आपण' म्हणून ज्याच्यापुढे उभे राहावयाचे त्याच्यावर रुसता येत नाही. 'तू' म्हटल्यावर रुसता येते, भांडता येते, आणि भांडण संपल्यावर पुन्हा कुशीत शिरता येते. संतांच्या वाणीने या सर्वनामाला दिलेला हा अधिकार मराठी ख्रिस्ती बालकाचाही वारसा आहे.

चारशे वर्षांपूर्वी सासष्टीतील एका श्रोत्याने सूत्रांपलीकडचे काही मागितले होते. त्या मागणीला ओवीने, अभंगाने, सोप्या मराठीतील बायबलने आणि सांजेच्या बेसांवाने वेळोवेळी उत्तर दिले. पाठ केलेली प्रार्थना मुलाला समाजाशी जोडते. आपल्या शब्दांतील प्रार्थना त्याला स्वतःशी प्रामाणिक ठेवते. दोन्ही त्याला मिळाव्यात, आणि दोन्हींत हाक मारण्याचा शब्द असा असावा की, जे मागितले ते न मिळालेल्या रात्रीही तो त्याच्या तोंडून निघू शकेल. बालकाला प्रार्थना शिकविताना शिक्षकाने आणि आईबापांनी एवढी एक गोष्ट सांभाळली, तरी त्यांचे काम झाले असे म्हणता येईल.